ट्रक घ्यावा एक्सल मोजून

ट्रक घ्यायला निघालेला माणूस शोरूममध्ये शिरला की दोन प्रश्न हमखास विचारतो. पासिंग किती टनांचं आणि इंजिन किती ताकदीचं? प्रश्न चुकीचे नाहीत, पण एवढ्यावर गाडी ठरवली तर पुढची अनेक वर्षं हप्ते फेडताना ती गाडी रोज काहीतरी वेगळंच सांगत राहते. कुणाचे पाटे तुटतात, कुणाचे टायर अवेळी गुळगुळीत होतात, कुणी घाटात पावसाळ्यात जागच्या जागी चाकं फिरवत उभा राहतो. माझ्या मते गाडी ठरवण्याची सुरुवात मालापासून व्हावी. मग वाटेतला सर्वांत अवघड किलोमीटर कोणता ते पाहावं आणि त्या दोघांना पेलतील इतके एक्सल मोजावेत. इंजिनाचा आकडा या सगळ्यानंतर येतो.

एक्सलला इतकं महत्त्व का, ते आधी बघू. गाडीचं पासिंग, म्हणजे तिला कायद्याने मान्य असलेलं एकूण वजन, ही कंपनीने मनाने ठरवलेली गोष्ट नसते. ते मुख्यतः एक्सलच्या मर्यादांच्या बेरजेतून येतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०१८ मध्ये या मर्यादा वाढवल्या. पुढच्या दोन टायरांच्या एक्सलवर आता ७ टन चालतात. मागच्या चार टायरांच्या एकट्या एक्सलवर पूर्वी १०.२ टन चालायचे, आता ११.५. जोड एक्सलवर १९ ऐवजी २१ टन आणि ट्रेलरखालच्या तीन एक्सलच्या संचावर २४ ऐवजी २७ टन. एवढे आकडे लक्षात ठेवले की बाजारातल्या बहुतेक गाड्यांचं गणित बोटांवर सुटतं. सहा टायरी ट्रक म्हणजे ७ अधिक ११.५, साडेअठरा टन. दहा टायरी म्हणजे ७ अधिक २१, अठ्ठावीस. पुढे दोन स्टिअरिंग एक्सल असलेली बारा टायरी ७, ७ आणि २१ मिळून पस्तीस टनांवर जाते. मागचे दोन एक्सल फिरणारा तीन एक्सली घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, आणि त्यामागे तीन एक्सलचा ट्रेलर जोडला की ७, २१ आणि २७ मिळून पंचावन्न टन.

कायद्याने एकूण वजनाबरोबर दर एक्सलवरचं वजनही बांधून दिलंय, कारण रस्ता मोडतो तो एक्सलखाली. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर वजन भरलेले ट्रक अहोरात्र फिरवले गेले. त्या प्रयोगातून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. दहा टक्के जादा भरलं तर नुकसान जवळजवळ दीडपट, वीस टक्के जादा भरलं तर दुप्पट, आणि वजन दुप्पट केलं तर सोळापट. आपल्याकडेही रस्त्याची जाडी ठरवताना त्यावरून किती प्रमाण एक्सल जाणार हेच मोजलं जातं. साखर कारखान्यांच्या, खडी क्रशरच्या आणि वाळूच्या रस्त्यांची जी दशा आपण पाहतो तिच्यामागे पाऊस आणि ठेकेदार जेवढे आहेत, तेवढाच हा चौथा घातही आहे.

पासिंगचा आकडा ऐकून दुसरी एक गफलत होते. साडेअठरा टन हे गाडीसकट वजन. त्यात चासी आली, केबिन आली, डिझेलची टाकी, स्टेपनी, ताडपत्री, ड्रायव्हर-क्लीनर आणि वरची बॉडी आली. बॉडी लोखंडी आणि जाड पत्र्याची केली की तिथेच टन-दीड टन जातो. सहा टायरी ट्रकवर हातात उरतात साधारण ११ ते १२ टन. अठ्ठावीस टनी गाडीवर १८-१९, आणि पंचावन्न टनी ट्रेलरवर ट्रेलरच्या बांधणीप्रमाणे ३९-४० च्या आसपास. भाडं मिळतं ते या उरलेल्या टनांचं. म्हणून बॉडी बांधणाऱ्याकडे जाताना “मजबूत कर” एवढंच सांगून येऊ नये. आपण जो माल भरणार तो बॉडीवर किती घासतो, किती दाबतो, ते सांगावं. काठोकाठ पासिंग भरणाऱ्या धंद्यात बॉडीत वाचलेले पाचशे किलो प्रत्येक फेरीला कमाई करत राहतात.

आणि हे पाचशे किलो ओव्हरलोड करून मिळवायचा विचार असेल तर हिशोब मांडून बघावा. सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार जादा वजनाला २० हजार रुपये दंड आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे २ हजार. चार टन जादा म्हणजे २८ हजार रुपये, शिवाय जादा माल आपल्या खर्चाने उतरवायचा. एका फेरीत चार टनांचं भाडं एवढं कुठे मिळतं? अपघात झाला तर विम्याच्या वेळी काय होतं ते वेगळंच.

आता एक खरा माल घेऊ. लासलगावचा कांदा वाशीच्या बाजारात न्यायचा आहे. पन्नास किलोच्या गोण्या, बारा टनांच्या २४०. कांदा ना फार जड ना फार हलका, त्यामुळे बावीस फुटी हौद्यात एवढा कांदा साधारण दीड मीटर उंचीत बसतो. म्हणजे इथे जागा आणि वजन दोन्ही एकाच वेळी भरतात, आणि सहा टायरी गाडी या मालाला नेमकी बसते. पण कांद्याला वारा लागतो. बंद कंटेनरमध्ये तो घामेजतो, सडतो. म्हणून उघडी बॉडी, बाजूला फटी राहतील असे फाळके आणि वरून ताडपत्री. गाडी कोणती घ्यायची हे निम्मं इथेच ठरलं, इंजिनाकडे अजून आपण वळलोही नाही.

उरलेलं निम्मं कसारा घाट ठरवतो. इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना साधारण ३०० मीटर उंची कमी होते, आणि कांद्याची गाडी हा घाट भरलेली उतरते, रिकामी चढते. त्यामुळे या मार्गावर चढण्याच्या ताकदीपेक्षा उतरण्याची ताकद मोलाची. याच डोंगरातून जाणाऱ्या रेल्वेला थळ घाटात ३७ ला १ एवढा चढ आहे, आणि तेवढ्यासाठी गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. डोंगरातल्या रस्त्याला २० ला १ हा चढ नेहमीचा मानतात, काही ठिकाणी त्याहून खडा. तिथे ट्रकला मागून ढकलणारं कुणी नाही आणि उतारावर मागे खेचून धरणारंही कुणी नाही. जे काही आहे ते त्याच्या स्वतःच्या चाकांत.

अठ्ठावीस टनांची गाडी ३०० मीटर खाली येते तेव्हा तिच्यातली सुमारे ८२ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जावीच लागते. साध्या पाण्यावर ती लावली तर अडीचशे लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापेल. हवेशी आणि रस्त्याशी होणाऱ्या घर्षणात यातली थोडी जाते, बाकीची ड्रायव्हरने फक्त पायाने ब्रेक दाबला तर काही मिनिटांत सगळी ब्रेकच्या ड्रमात उतरते. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटू लागते आणि पॅडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. लोक म्हणतात “ब्रेक फेल झाला”, पण पुष्कळदा ब्रेकमध्ये काही तुटलेलं नसतं. तो तापून थकलेला असतो. म्हणून घाटातल्या धंद्यासाठी गाडी घेताना एक्झॉस्ट ब्रेक आहे का, इंजिन ब्रेक किती जोराचा आहे, आणि जड गाडीला रिटार्डर मिळतो का, हे विचारावं. एक्झॉस्ट ब्रेक धूर बाहेर पडण्याची वाट अडवून इंजिनालाच ओझं करतो. रिटार्डर गिअरबॉक्सकडून चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टला चुंबकाने किंवा तेलाने आवरतो. दोन्हींमध्ये पायाचा ब्रेक गार राहतो, म्हणजे खरी गरज पडेल तेव्हा तो शिल्लक असतो. रिटार्डरचे पैसे पाहून लोक मागे सरतात. भरलेली गाडी घेऊन रोज घाट उतरणाऱ्याने सरू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

पुण्यात नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार अशाच अपघातांनी कुप्रसिद्ध झालाय. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका जड वाहनामुळे वीसहून जास्त गाड्या एकमेकींवर आदळल्या. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. आजच्या इंजिनात तिचा काडीचा फायदा नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय सोडला की इंजिन डिझेल घेणंच थांबवतं. न्यूट्रलमध्ये मात्र ते स्वतः चालू राहण्यापुरतं डिझेल पीत बसतं. चावी बंद केली तर आणखी वाईट, कारण ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि पॉवर स्टिअरिंगही जातं. गाडी कितीही चांगली निवडली तरी ही सवय मोडलेला ड्रायव्हर तिच्यात बसायला हवा.

आता उलटी वाट. तळोजा-कळंबोलीचं लोखंड बोरघाट चढून चाकणला जातं. भरलेली गाडी चढते, रिकामी उतरते. इथे ताकदीचा हिशोब करू. पंचावन्न टनांची गाडी २० ला १ चढावर धरायला पावणेतीन टनांचा जोर लागतो, टायर फिरवण्याचा आणखी अर्ध्या टनाच्या आतबाहेर. ताशी २० किलोमीटरने ती चढवायची तर चाकांवर सुमारे २३५ अश्वशक्ती पोचली पाहिजे. गिअरबॉक्स आणि एक्सलमधली गळती धरली तर ३०० अश्वशक्तीचं इंजिन त्या वेगाला जेमतेम पुरतं. अठ्ठावीस टनांची, अडीचशे अश्वशक्तीची गाडी तोच चढ ताशी पस्तीसने चढेल. यावरून मोठं इंजिनच घ्यावं असं निघत नाही. दहा किलोमीटरचा घाट वीसने चढला तर अर्धा तास लागतो, आणि उरलेले अडीचशे किलोमीटर सपाट असतील तर त्या अर्ध्या तासासाठी जास्तीचं इंजिन वर्षभर पोसणं परवडेलच असं नाही. दिवसाला दोनदा घाट चढणाऱ्याचं गणित मात्र वेगळं.

इंजिनापेक्षा कमी लोक विचारतात तो प्रश्न मागच्या एक्सलच्या गिअरचा. एकाच इंजिनाची, एकाच पासिंगची गाडी दोन वेगळ्या एक्सल गुणोत्तरांत मिळू शकते. आकडा मोठा असेल तर चाकाला जोर जास्त आणि वरचा वेग कमी. आकडा लहान असेल तर सपाटीवर इंजिन निवांत फिरतं आणि डिझेल वाचतं, घाटात मात्र सारखे गिअर खाली आणावे लागतात. समृद्धी महामार्गावरून नागपूरच्या दिशेने पळणारी गाडी आणि आंबा घाटातून रत्नागिरीला जाणारी गाडी एकाच गुणोत्तराची घेणं म्हणजे दोघींपैकी एकीवर अन्याय. सेल्समन हा विषय स्वतःहून काढत नाही. ग्राहकाने काढावा.

आणि जोर इंजिनात असून भागत नाही, तो रस्त्याला लागावा लागतो. हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण घोडा निवडताना इथेच फसगत होते. घोडा दोन प्रकारचा: मागे एकच एक्सल फिरणारा, किंवा दोन एक्सल फिरणारा. पहिल्याला तीन एक्सलचा ट्रेलर जोडला तर ७, ११.५ आणि २७ मिळून साडेपंचेचाळीस टन होतात. तो २० ला १ चढावर न्यायला अडीच टनांपेक्षा थोडा जास्त जोर लागतो. फिरणाऱ्या एक्सलवर वजन साडेअकरा टन. कोरड्या डांबरावर रबर आपल्यावरच्या वजनाच्या सहा दशांश किंवा त्याहून जास्त जोर लावू शकतं, म्हणजे जवळपास सात टन, काही चिंता नाही. पण पहिल्या पावसात तेल आणि माती मिळून जो चिकट थर होतो त्यावर हीच पकड वजनाच्या एक पंचमांशावर येऊ शकते. साडेअकराचा पाचवा हिस्सा २.३ टन. लागतो त्याहून कमी. इंजिन कितीही अश्वशक्तीचं असलं तरी चाकं जागेवर फिरणार. दोन एक्सल फिरणाऱ्या घोड्यावर २१ टन असतात, त्यांचा पाचवा हिस्सा ४.२ टन, आणि पंचावन्न टनी गाडीला लागणारा जोर ३.२ टन. तो चढून जातो. खाणीत, क्रशरवर, धरणाच्या कामावर दोन एक्सल फिरणारी गाडीच हवी. बंदरातून गोदामापर्यंत सरळ डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्याने कंटेनर ओढायचा असेल तर एक एक्सलचा घोडा हलका, स्वस्त आणि डिझेलला हात राखणारा.

घोड्यावर वजन किती पडतं हे मात्र माल कुठे ठेवला यावर ठरतं. पंचवीस टनांची पोलादी कॉइल घ्या. ट्रेलर घोड्याला जोडणाऱ्या किंगपिनपासून ट्रेलरच्या एक्सल संचाच्या मध्यापर्यंतचं अंतर ८ मीटर आहे असं धरू. कॉइल बरोबर मध्ये ठेवली तर साडेबारा टन घोड्यावर, साडेबारा टन ट्रेलरच्या चाकांवर. ती सोयीसाठी मागे सरकवली आणि एक्सल संचाच्या फक्त एक मीटर पुढे ठेवली तर घोड्यावर येतात तीन टनांच्या आसपास. मग दोन एक्सल फिरणारा घोडाही पावसात हलका पडतो आणि त्याच वेळी ट्रेलरची चाकं चेंगरतात. म्हणून कॉइलसाठी खास खाच असलेले ट्रेलर असतात. खाचेमुळे कॉइल घरंगळत नाही हे तर खरंच, पण ती योग्य जागी बसते हाही तिचा मोठा उपयोग आहे.

ओढण्याची दुसरी तऱ्हा पश्चिम महाराष्ट्राला हंगामभर दिसते. उसाचा ट्रॅक्टर मागे दोन ट्रॉल्या घेऊन जातो. ट्रॉलीचं वजन तिच्याच चाकांवर असतं, आकड्यातून फक्त ओढ लागते. ट्रेलरचं वजन जसं घोड्याला दाबून पकड देतं तसं इथे होत नाही. त्यातून अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, म्हणजे थांबवण्याचं सगळं काम एकट्या ट्रॅक्टरवर. शेतातून ऊस काढायला ट्रॅक्टरला पर्याय नाही. पण कारखाना तीस-चाळीस किलोमीटर दूर असेल आणि वाटेत उतार असेल, तर शेताच्या बांधापासून पुढे ट्रकचाच विचार करावा.

पोकलेन किंवा जेसीबीसारखी यंत्रं हलवायची असतील तर सगळा खेळ उंचीचा आणि रुंदीचा. वीस टनी पोकलेन सुमारे तीन मीटर उंच असतो. मालवाहू गाडीची उंची ४ मीटरच्या वर जाऊ नये असा नियम. नेहमीच्या ट्रेलरचा पाट जमिनीपासून दीड मीटर उंच, त्यावर पोकलेन चढवला की साडेचार झाले. लो-बेड ट्रेलरचा पाट एक मीटरच्या आत येतो म्हणूनच तो लागतो. शिवाय वीस टनी पोकलेनची रुंदी २.८ मीटरच्या आसपास, आणि गाडीच्या रुंदीची मर्यादा २.६ मीटर. म्हणजे परवानगी काढणं आलं. या धंद्यात उतरणाऱ्याने वजनाआधी फीतच हातात घ्यावी.

हलक्या मालाचं उलट असतं. रिकाम्या बाटल्या, थर्माकोल, गाद्या, गाड्यांचे प्लॅस्टिकचे सुटे भाग यांनी हौदा भरतो पण काटा हलत नाही. तिथे बत्तीस फुटी बंद कंटेनर लागतो आणि प्रश्न एवढाच उरतो की तो सिंगल एक्सल घ्यायचा की मल्टी एक्सल. माल खरोखरच सात टनांच्या आत राहणार असेल तर मल्टी एक्सलचे जादा टायर वर्षभर विनाकारण झिजवायचे कशाला? परतीचं भाडं कधी जड, कधी हलकं मिळत असेल तर उचलता येणारा एक्सल असलेली गाडी बरी. रिकामी असताना तो वर घेतला की टायर वाचतात.

छोट्या गाड्यांत एक सीमारेषा लक्षात ठेवण्यासारखी आहे, साडेसात टनांची. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पुन्हा स्पष्ट केलं की हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवू शकतो, त्याला वेगळी नोंद लागत नाही. जड वाहनाचे परवाने असलेले चांगले ड्रायव्हर मिळणं अवघड झालेल्या काळात गावातल्या गावात, तालुक्याच्या बाजारात माल फिरवणाऱ्याला ही मोठी सोय आहे. ड्रायव्हरचा विचार मोठ्या गाडीतही करावा. आता नव्याने बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. विदर्भाच्या मे महिन्यात दुपारी गाडी चालवणारा माणूस आठ तास शुद्धीत आणि सावध राहावा यासाठी हे फार पूर्वी व्हायला हवं होतं.

बहुतेक बीएस-सहा ट्रकांत डिझेलबरोबर डीईएफचं, म्हणजे धूर स्वच्छ करणारं युरियाचं, पाणीही भरावं लागतं. ते नीट मिळालं नाही किंवा भेसळीचं पडलं तर गाडी स्वतःच ताकद कमी करते. त्यामुळे आपल्या रोजच्या वाटेवर कंपनीचं वर्कशॉप कुठे आहे आणि रात्री दोन वाजता तिथे कोण भेटेल, याची चौकशी गाडी बघण्याआधी करावी.

चाचणी घ्यायची तर भरलेल्या गाडीची घ्यावी, शोरूमच्या मागच्या रस्त्यावर रिकामी फिरवून काही कळत नाही. आणि गाडी हाती आल्यावर पहिल्या भरलेल्या फेरीला काट्यावर जावं. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन करावं, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या एक्सलवरचं वजन निघतं. समजा एकूण साडेअठरा टन बरोबर आले, पण पुढे ५ आणि मागे साडेतेरा निघाले, तर गाडी पासिंगमध्ये असूनही मागचा एक्सल दोन टनांनी ओव्हरलोड आहे. त्यावर उपाय हमालांना सांगून गोण्या दोन फूट पुढे लावण्याचा, आणि तसं करूनही पुढचा आकडा वाढत नसेल तर बॉडीच मागे जास्त लांब बांधली गेलीय. तिचं मोजमाप पहिल्याच महिन्यात बॉडीवाल्याकडून दुरुस्त करून घ्यावं.